अडेनियम: रोप निवडण्यापासून बी धरण्यापर्यंत

माझे पहिले अडेनियम श्रावणात गेले. चैत्रात आणले तेव्हा त्यावर नऊ फुले होती, आणि तुळशीला व मोगऱ्याला घालतो तसे रोज सकाळी एक तांब्या पाणी मी त्यालाही नेमाने घालत होतो. पावसाळा सुरू झाला तरी कुंडी गच्चीच्या उघड्या कठड्यावरच राहिली. जुलै संपता संपता पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा पाणी कमी पडत असावे असे समजून पाऊस उघडला की मी आणखी पाणी घालू लागलो. एके दिवशी बुंध्याला सहज अंगठा लावला, तर जास्त पिकलेल्या केळ्यात जावा तसा तो आत गेला आणि आंबूस वासाचे तपकिरी पाणी बाहेर आले. त्यानंतरच्या वर्षांत मी बरीच अडेनियमे जगवली आणि काही मारलीही. पण मारलेल्यांपैकी एकही उन्हाने गेलेले नाही. म्हणून या लेखात खतापेक्षा पाण्याची आणि मातीची चर्चा पुष्कळ जास्त आहे.

झाडाची ओळख

रोपवाटिकेत या झाडाला अडेनियम किंवा डेझर्ट रोज म्हणतात, परंतु गुलाबाशी त्याचे काही नाते नाही. ते कण्हेर, देवचाफा, तगर आणि सदाफुली यांच्या कुळातले आहे, आणि फांदी मोडताच येणारा चीक ही त्या कुळाची खूण त्याच्याही अंगी आहे. त्याचे मूळ स्थान सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान. वनस्पतींना दुहेरी शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा शिष्य असलेला पेटर फोर्सकोल १७६१ मध्ये निघालेल्या डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला, तेथे त्याने या झाडाची नोंद केली आणि त्याला कण्हेरीच्याच प्रजातीत घालून ‘ओबेसम’, म्हणजे लठ्ठ, असे विशेषण लावले. १७६३ मध्ये येमेनमध्येच तापाने त्याचा मृत्यू झाला. त्याची टिपणे, त्या मोहिमेतून जिवंत परतलेल्या एकट्या कार्स्टन नीबूरने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. हा नीबूर मध्यंतरी मुंबईला उतरला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढून घेऊन गेला होता, ही आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. पुढे १८१९ मध्ये या झाडाला अडेनियम ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. हे नाव येमेनमधल्या एडन बंदराशी जोडले जाते.

‘लठ्ठ कण्हेर’ हे फोर्सकोलचे नाव मला आजही अधिक नेमके वाटते, कारण झाडाचे सगळे मर्म त्या लठ्ठपणात आहे. जमिनीलगतचा फुगलेला बुंधा, ज्याला हौशी मंडळी कॉडेक्स म्हणतात, ही झाडाची पाण्याची टाकी आहे. गरम हवेत पाणी मिळाले की झाड ते भराभर ओढून बुंध्यात साठवते, आणि कोरडे किंवा थंड दिवस आले की पाने टाकून देऊन त्या साठ्यावर तग धरते. येथे नवख्या माणसाची दोन प्रकारे फसगत होते. काही जण त्याला मोगऱ्यासारखे रोज भिजवतात; तर काही जण त्याला निवडुंग समजून ऐन एप्रिलमध्येही पंधरा पंधरा दिवस कोरडे ठेवतात आणि मग फुले का येत नाहीत म्हणून विचारतात. अडेनियम दुष्काळ सोसते, पण उन्हाळ्यात वाढीला लागलेले असताना त्याला चांगली तहान लागते.

रोप निवडताना

बाजारात तीन प्रकारची रोपे मिळतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा असतो. बियांपासून वाढवलेल्या रोपाचा बुंधा लवकर आणि गोल फुगतो, पण फुलाचा रंग कोणता येईल हे आधी सांगता येत नाही. कलम केलेल्या रोपावर दुहेरी किंवा तिहेरी पाकळ्यांचे, ठरलेल्या रंगाचे फूल येते. त्यासाठी बियांपासून वाढवलेल्या खुंटावर हव्या त्या जातीची काडी पाचर मारून बसवलेली असते. अशा पुष्कळ पाकळ्यांच्या जाती तैवान आणि थायलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. तिसरा प्रकार फांदी लावून केलेल्या रोपाचा. ते लवकर फुलते, पण त्याचा बुंधा बरीच वर्षे काठीसारखाच राहतो. पहिल्या वेळी साध्या पाच पाकळ्यांचे, बियांपासून वाढवलेले रोप घ्यावे, असे माझे मत आहे. एक तर ते स्वस्त असते, आणि हात बसेपर्यंत एखादे रोप गेले तर फार वाईट वाटत नाही.

रोप हातात घेतल्यावर फुलांकडे न पाहता बुंधा चारही बाजूंनी अंगठ्याने दाबून पाहावा. तो कच्च्या बटाट्यासारखा घट्ट लागला पाहिजे. मातीलगत कोठे मऊ, काळपट किंवा ओलसर ठिपका असेल तर ते रोप कितीही फुललेले असले तरी परत ठेवावे. कलमी रोप असेल तर जोड नीट भरलेला आहे ना आणि जोडाच्या खालून फुटवे आलेले नाहीत ना, हे पाहावे. खालचे फुटवे खुंटाचे असतात आणि ते वाढू दिले तर वरची कलमी काडी मागे पडते. इंटरनेटवर निळ्या अडेनियमचे बी विकायला असते. निळे अडेनियम अस्तित्वात नाही. ती करामत छायाचित्रातली आहे.

जागा

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन, ही या झाडाची पहिली अट आहे. दिवाणखान्यातल्या खिडकीत ते जगेल, पण फांद्या लांबलचक व लेच्यापेच्या होतील आणि फुले तुरळक येतील. दक्षिणेकडची किंवा पश्चिमेकडची बाल्कनी आणि गच्ची या सर्वांत चांगल्या जागा. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हाही मोठे झाड उन्हात निभावून नेते, मात्र काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळे अक्षरशः शिजतात. तेथे कुंडीला पांढरा रंग द्यावा किंवा दुसऱ्या कुंडीच्या सावलीत ती ठेवावी. रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप घरी आणून थेट कडक उन्हात ठेवले तर त्याची पाने करपतात, म्हणून आठवडाभर सकाळचे ऊन दाखवून मगच ते उघड्यावर न्यावे.

कुंडी आणि माती

कुंडी उथळ व पसरट असावी आणि तिला खाली एक तरी चांगले मोठे भोक असावे; मी असलेले भोक नेहमी आणखी रुंद करून घेतो. मातीची कुंडी प्लॅस्टिकपेक्षा बरी, कारण तिच्या अंगातून ओल उडते. रोपाच्या मानाने फार मोठी कुंडी घेऊ नये. मुळे जितका भाग व्यापतात त्यापलीकडची माती उगीचच ओली राहते आणि कूज तेथूनच सुरू होते. बुंध्याभोवती दोन ते तीन बोटे जागा सुटेल एवढी कुंडी पुरते. कुंडीखाली बशी ठेवू नये. फरशी खराब होईल अशी भीती असेल तर विटेच्या दोन तुकड्यांवर कुंडी उचलून ठेवावी, म्हणजे खालून हवाही खेळते.

आता मातीविषयी. आपल्या देशावरची काळी माती शेताला सोने असली तरी अडेनियमच्या कुंडीत ती चिखल होऊन बसते: ओली असताना फुगते, सुकताना भेगाळून मुळे तोडते, आणि पाणी धरून ठेवण्याचा तिचा गुण येथे दोष ठरतो. लाल मातीही एकटी वापरू नये. मी पुढील मिश्रण वापरतो: दोन भाग भरड (विटांचे तुकडे, कोळशाचे जळके खडे म्हणजे सिंडर, किंवा जाड वाळू, यांपैकी जे सहज मिळेल ते), एक भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. आठ इंची कुंडीला त्यात मूठभर निंबोळी पेंड घालतो.

या प्रमाणापेक्षा भरडाचा आकार अधिक महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक जण येथे चुकतात. भरडाचा दाणा ज्वारीएवढ्यापासून हरभऱ्याएवढा असावा. गिलाव्याची बारीक वाळू घातली तर ती खताच्या कणांत बसून मिश्रणाचा सिमेंटसारखा गट्टू होतो. विटा फोडल्यावर निघणारा भुगा चाळून टाकून द्यावा. मी जुन्या रव्याच्या चाळणीने चाळतो, वर राहते ते घेतो आणि खाली पडते ते गुलाबाच्या वाफ्यात टाकतो. कोकोपीट विटेच्या रूपात मिळते, त्यात मिठाचा अंश असतो, म्हणून ते दोनतीन पाण्यांतून पिळून घ्यावे. मिश्रण तयार झाले की रिकाम्या कुंडीत भरून वरून लोटाभर पाणी ओतून पाहावे. पाणी वर तळे न साचता लगेच खालून वाहू लागले पाहिजे. ते वर रेंगाळत असेल तर आणखी भरड मिसळून पुन्हा पाहावे. रोप लावण्याआधी ही तपासणी कधीही चुकवू नये. कोकणात आणि गोव्यात, जेथे हवाच चार महिने ओली असते, तेथे भरड तीन भाग घेतली तरी चालते.

रोप लावणे

रोपवाटिकेतून आलेले रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये किंवा चिकण मातीच्या गोळ्यात असते. तो गोळा तसाच नव्या मिश्रणात ठेवला तर भोवतालचे मिश्रण कोरडे आणि आतला गोळा ओला अशी स्थिती होते. म्हणून गोळा हलक्या हाताने फोडून मुळे मोकळी करावीत, तुटकी व काळी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत आणि रोप सावलीत, कागदावर, दोनतीन दिवस तसेच आडवे ठेवून द्यावे. उघडी मुळे अशी पडून असलेली पाहून नवख्याचा जीव कासावीस होतो, परंतु अडेनियमला त्याचे काही वाटत नाही. कापलेल्या जागा सुकून त्यांवर खपली धरते आणि बुरशीला वाट राहत नाही. त्यानंतर कुंडीच्या भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापर ठेवून, मिश्रण भरून, बुंधा पूर्वीच्याच खोलीवर बसवावा. लावल्यावर लगेच पाणी घालू नये. चारपाच दिवसांनी पहिले पाणी द्यावे, आणि त्यानंतरच कुंडी हळूहळू उन्हात सरकवावी.

पाणी

‘किती दिवसांनी पाणी घालू?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे दिवसांत उत्तर देता येत नाही, कारण ते कुंडी, मिश्रण, ऊन आणि महिना यांवर ठरते. त्याऐवजी प्रत्येक कुंडीत खराट्याचा एक हीर खोचून ठेवावा. पाणी घालण्यापूर्वी तो उपसून गालाला लावून पाहावा. थंड किंवा दमट लागला, त्याला मातीचे कण चिकटून आले, तर आज पाणी नाही. कोरडा खडखडीत निघाला तर कुंडीच्या तळातून धार लागेपर्यंत भरपूर पाणी घालावे. रोज थोडे थोडे शिंपडण्याची सवय सोडावी. त्याने वरचा थर सतत ओला राहतो आणि खालची मुळे तहानलेलीच राहतात.

या पद्धतीने गेलात तर साधारण असे दिसेल. फाल्गुनापासून मृगापर्यंत लहान कुंडीला एक दिवसाआड आणि मोठीला दोनतीन दिवसांनी पाणी लागते. कडक उन्हात काही वेळा रोजही लागते, आणि मिश्रण मोकळे असेल तर ते खुशाल द्यावे. वळवाच्या एखाददुसऱ्या सरीने काही बिघडत नाही, उलट त्या पावसानंतर झाड टवटवीत होते. खरी परीक्षा जूनच्या मध्यापासून. एकदा झड लागली की कुंड्या पागोळीपासून आत, वळचणीला किंवा पारदर्शक पत्र्याखाली न्याव्यात, मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात नव्हे. हलवता येत नाहीत अशा मोठ्या कुंड्यांवर चार बांबू रोवून पारदर्शक प्लॅस्टिक ताणावे आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. सलग आठ दिवस ऊन पडले नाही तर आडोशाच्या कुंडीला पाणी घालण्याची जवळपास गरजच पडत नाही. पावसाळ्यात चारदोन पाने पिवळी झाली म्हणून पाणी वाढवणे ही माझी पहिल्या वर्षीची चूक, आणि गच्च्यांवर फिरताना ती मला आजही सगळीकडे दिसते.

दिवाळीनंतर रात्री थंड होऊ लागल्या की वाढ मंदावते. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली जाऊ लागले की पाने गळू लागतात आणि हे नैसर्गिक आहे. झाड विश्रांती घेत असते. पुण्यात किंवा साताऱ्यात या काळात आठदहा दिवसांनी सकाळी थोडे पाणी पुरते, तर निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात निष्पर्ण झाडाला मकर संक्रांत होऊन उबदार दिवस येईपर्यंत कोरडेच ठेवलेले बरे. १० अंशांच्या खालची थंडी ओल्या मुळांना बाधते. अशा रात्री कुंडी घरात घ्यावी. थंड देशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी पूर्ण हिवाळाभर झाड घरातल्या सर्वांत उजेडाच्या खिडकीत, जवळजवळ कोरडे, ठेवावे. मस्कतच्या किंवा सलालाहच्या मराठी कुटुंबांची गोष्ट उलटी आहे, कारण ओमानच्या धोफार भागातील डोंगरउतारांवर हे झाड आपोआपच वाढते.

बुंधा मऊ लागला तर तो कोरडेपणाने की कुजल्याने, हे ओळखता आले पाहिजे, कारण दोन्हींवरचे उपाय नेमके उलटे आहेत. पाणी कमी पडलेला बुंधा सगळीकडून सारखाच किंचित दबतो, त्याच्या सालीवर बारीक सुरकुत्या पडतात, माती कोरडी असते, आणि भरपूर पाणी दिल्यावर दोनतीन दिवसांत तो पुन्हा टणक होतो. कुजलेला बुंधा एकाच जागी, बहुधा मातीलगत, मऊ होतो. तेथील साल काळपट व ओलसर असते, दाबल्यावर सरकते आणि वास येतो. शंका असेल तर पाणी न घालता रोप उपटून मुळे पाहावीत. चार दिवस मातीबाहेर राहिल्याने अडेनियमचे काही बिघडत नाही.

खत

याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मिश्रणात शेणखत असेल तर पहिले दोनतीन महिने काहीच लागत नाही. त्यानंतर मार्च ते जून या काळात १९:१९:१९ (हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्क्यांचे) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांतून एकदा, आणि कळ्या धरण्याच्या सुमारास त्याऐवजी ०:५२:३४ त्याच प्रमाणात दोन वेळा द्यावे. खत नेहमी ओल्या मातीत घालावे. शेजारच्या कृषी सेवा केंद्रात युरिया सहज मिळतो म्हणून तो घालू नये. नत्र जास्त झाले की पाने मोठमोठी होतात, बुंधा पोकळ वाढतो आणि फुले रुसतात. थंडीत आणि झडीच्या पावसात खत पूर्ण बंद ठेवावे.

छाटणी

अडेनियमला फूल नव्या फांदीच्या टोकाला येते, त्यामुळे फांद्या जितक्या जास्त तितकी फुले जास्त. महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ छाटणीला उत्तम. थंडी सरलेली असते आणि पाऊस लांब असतो. पहिल्यांदा छाटताना हात धजावत नाही, आणि लोक नुसते शेंडे खुडून थांबतात. तसे केल्याने फांद्या आणखी उंचावर फुटतात आणि झाड छत्रीच्या काडीसारखे दिसते. प्रत्येक फांदी तिच्या बेचक्यापासून दोनतीन इंच ठेवून, तिरकी, एकाच घावात कापावी. कात्रीचे पाते आधी स्पिरिटने पुसावे. कापलेल्या तोंडावरचा चीक ओल्या फडक्याने टिपून बुरशीनाशकाची भुकटी लावावी. मी घरची हळदही वापरली आहे आणि कोरड्या हवेत तिने काम भागते. छाटल्यावर आठवडाभर वरून पाणी मारू नये. प्रत्येक तोंडाखाली तीनचार फुटवे येतात आणि उबदार हवेत साधारण सहा ते आठ आठवड्यांत त्यांवर कळ्या दिसतात. कलमी झाड छाटताना कात्री जोडाच्या वरच राहील याची काळजी घ्यावी.

चीक विषारी आहे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कण्हेरीप्रमाणेच यातही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. आफ्रिकेत शिकारी जमाती बाणांच्या टोकांना लावण्याचे विष या झाडापासून करत आल्या आहेत. छाटणी व कलम करताना हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये, नंतर साबणाने हात धुवावेत, आणि छाटलेल्या फांद्या शेळ्यागुरांच्या वाटेत टाकू नयेत. रांगते मूल किंवा पाने चावणारे कुत्रे घरात असेल तर कुंडी त्यांच्या हाताबाहेर, तोंडाबाहेर ठेवावी. झाडाला केवळ हात लावल्याने काही होत नाही.

कुंडी बदलणे आणि बुंधा वर काढणे

दर एकदोन वर्षांनी, छाटणीच्याच हंगामात, कुंडी बदलावी. प्रदर्शनात पाहून आपण थक्क होतो ती पसरलेल्या मुळांची जाड बैठक आपोआप होत नाही. दर बदलाच्या वेळी झाड पूर्वीपेक्षा साधारण एक इंच वर बसवून ती हळूहळू उघडी केली जाते. उपटल्यावर मुळे पाण्याने धुवावीत, सरळ खाली गेलेली जाड मुळे आखूड करावीत, बाजूला पसरणारी राखावीत, आणि चारपाच दिवस सावलीत सुकू द्यावीत. नव्या कुंडीत बुंध्याखाली जुनी सीडी किंवा चपटे खापर ठेवले तर मुळे खाली न जाता आडवी पसरतात. घराघरांत पडून राहिलेल्या सीड्यांचा इतका चांगला उपयोग मला दुसरा सापडलेला नाही. नव्याने उघडी पडलेली मुळांची साल कोवळी असते. तिला पहिले दोन आठवडे दुपारचे ऊन लागू देऊ नये.

कूज आणि किडी

कूज लवकर लक्षात आली तर झाड बहुधा वाचते. रोप उपटावे, माती झटकावी आणि धारदार सुरीने कुजलेला भाग कापत जावे. कापलेल्या पृष्ठभागावर तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसत आहे तोपर्यंत थांबू नये. दर कापाआधी सुरी पुसावी, आणि सर्वत्र पांढरा, कोरडा गर दिसला की मगच हात थांबवावा. बुंध्याचा अर्धा भाग गेला तरी हरकत नाही. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब यांच्या मिश्र बुरशीनाशकाची भुकटी त्यावर चोळून रोप हवेशीर सावलीत, जखम वर करून, आठदहा दिवस ठेवावे. जखम हाताला चामड्यासारखी कडक लागली की नव्या, जवळजवळ निव्वळ भरडाच्या मिश्रणात लावून आठवड्याने थोडे पाणी द्यावे. जुनी माती पुन्हा वापरू नये.

किडींपैकी पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण फांद्यांच्या बेचक्यांत बसतो. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने स्पिरिट लावून पुसावा, जास्त असेल तर निंबोळी तेल लिटरला पाच मिलि. आणि दोनचार थेंब साबण घालून संध्याकाळी फवारावे. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे जाळी दिसली तर तो लाल कोळी. कडक कोरड्या उन्हाळ्यात पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली तरी तो पुष्कळ आटोक्यात येतो. आणि एके सकाळी झाडावर पानेच नाहीत, फक्त देठ उरले आहेत असे दिसले, तर खाली काळ्या लेंड्या पडल्या आहेत का पाहावे. कण्हेरीवरच्या पतंगाची बोटाएवढी हिरवी अळी अडेनियमही आवडीने खाते. तिच्या मानेजवळ दोन निळसर गोल डोळे असतात, डिवचल्यावर ते फुगवून ती साप असल्याचा आव आणते, आणि पहिल्यांदा पाहणारा खरोखरच दचकून मागे सरतो. तिला काठीने उचलून दूर ठेवावे. औषध मारण्याची गरज नाही, पाने तीन आठवड्यांत परत येतात.

बियांपासून नवी रोपे

झाड दोनतीन वर्षांचे झाले की क्वचित त्यावर बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग धरते. ती पिकायला काही महिने लागतात, आणि पिकली की एका बाजूने उकलून आतल्या बिया वाऱ्यावर निघून जातात. बीच्या दोन्ही टोकांना सोनेरी तंतूंचा झुबका असतो, त्यामुळे ती शेजारच्या इमारतीपर्यंतही जाते. म्हणून शेंगेचा रंग फिकट पडू लागताच तिच्यावर दोन जागी सैल दोरा बांधावा किंवा जाळीची लहान पिशवी चढवावी. बी जितके ताजे तितके चांगले उगवते, म्हणून ते डबीत साठवत बसू नये. तंतू चिमटीने काढून, बी दोनतीन तास कोमट पाण्यात भिजवून, ओलसर कोकोपीट आणि बारीक भरडाच्या मिश्रणावर आडवे ठेवावे आणि वर पातळ थर पसरावा. उबदार दिवसांत चार ते सात दिवसांत कोंब दिसतात. इतके दिवस ट्रे सावलीत ठेवावा, मग सकाळच्या उन्हात आणावा. उगवणीनंतर पहिला महिना मिश्रण पूर्ण कोरडे पडू देऊ नये, कारण या वयात बुंध्याच्या टाकीत साठा झालेला नसतो. चारसहा पाने आली की रोपे वेगळी करावीत. पहिले फूल यायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते. माझ्याकडे एकाच शेंगेतून उगवलेली अकरा रोपे आहेत. त्यांतली सात फुलली, तीन आईसारखी गुलाबी, तीन जवळजवळ पांढरी आणि एक काळपट कडेचे लाल. उरलेल्या चारांच्या कळ्यांची मी वाट पाहतो आहे.